पुढं विचारा! गर्भातल्या चेतातंतूंना वाट कोण दाखवतं?

जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत चिप बसवली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. कधी जुना विद्यार्थी विचारतो, कधी शेजारच्या काकू, कधी किराणा दुकानात भेटलेलं कुणी. "बाई, मेंदूत चिप बसवतात, तिच्यावर कॉम्प्युटर चालवतात, मग अपघातात मणक्यातली नस तुटली तर ती का जोडता येत नाही? दोन्ही टोकं तर समोरच असतात ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर ऑपरेशन थिएटरात सुरू होत नाही. ते आईच्या पोटात, गर्भ चार-सहा आठवड्यांचा असताना सुरू होतं. ती नस मुळात तिथपर्यंत गेली कशी, हे कळलं की ती पुन्हा का जात नाही तेही कळायला लागतं. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवताना मला याहून विलक्षण प्रकरण भेटलं नाही, म्हणून आज जरा निवांत सांगते.

## नस म्हणजे नक्की कोणती?

आपल्याकडे 'नस' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. सलाइन लावताना नर्सला सापडत नाही ती नस, आणि कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणते तीही नस. पहिली रक्तवाहिनी, म्हणजे आत पोकळी असलेली नळी. दुसरी म्हणजे हजारो बारीक धाग्यांची जुडी. आपल्याला या दुसरीबद्दल बोलायचंय. तिच्यातल्या एकेका धाग्याला चेतातंतू म्हणू.

हा धागा म्हणजे एका पेशीचाच लांब वाढलेला हात. पायाचा अंगठा हलवणारी पेशी बसलेली असते कमरेजवळच्या मज्जारज्जूत आणि तिचा तंतू उतरतो थेट पावलापर्यंत, सुमारे १ मीटर. ती पेशी स्वतः जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. लिंबाएवढी मोठी केली, तर तिच्या हाताची लांबी ४०० मीटर भरेल, म्हणजे मोठ्या क्रीडांगणाची एक पूर्ण फेरी. मेंदूत अशा पेशी सुमारे ८६०० कोटी आहेत. त्यांतल्या प्रत्येकीचा तंतू कुठं ना कुठं पोचायला हवा, आणि तोही योग्य ठिकाणी. डोळ्याचा तंतू कानाच्या केंद्रात गेला तर उपयोग नाही.

आपली जनुकं आहेत साधारण २० हजार. ८६०० कोटी पेशींचे पत्ते एकेक करून लिहून ठेवायला ही वही पुरायची नाही. म्हणजे आधीपासून काढून ठेवलेला नकाशा नाही. मग काय आहे?

## लग्नाचं गाव आणि वडाचं झाड

मोबाइल नव्हते तेव्हाचं आठवा. लांबच्या नात्यातलं लग्न, गाव कधी पाहिलेलं नाही. एसटीतून उतरायचं आणि स्टँडवर पहिल्या भेटेल त्याला विचारायचं. तो सगळा रस्ता सांगत बसत नाही. तो म्हणतो, "सरळ जावा, वडाचं झाड लागंल, तिथं विचारा." वडापाशी बसलेला म्हातारा म्हणतो, "देवळापासनं डाव्या अंगाला वळा, पुढं विचारा." अख्खा रस्ता एकालाही पाठ नसतो, तरी आपण मांडवात पोचतो.

गर्भात हेच घडतं. १९७६ मध्ये मायकेल बेट यांनी नाकतोड्याच्या गर्भात पाहिलं की, पाय अगदी इवलासा असताना त्याच्या टोकाशी असलेल्या मोजक्या पेशी सगळ्यांत आधी तंतू सोडतात. हे पहिले तंतू वाटेतल्या ठरावीक पेशींना शिवत शिवत, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जात मध्यवर्ती चेतासंस्थेत पोचतात. पुढं दुसऱ्या संशोधकांनी वाटेतल्या या खुणेच्या पेशी मुद्दाम मारून पाहिल्या, तेव्हा तंतू तिथंच घोटाळले. वडाखाली म्हातारा नसेल तर पाहुणा खोळंबणारच.

आणि एकदा पहिल्यांनी पायवाट पाडली की मागचे तिच्यावरून निघतात. दिंडीत पताकेमागे सगळे चालतात तसे. मागच्यांना प्रत्येक वळणावर विचारावं लागत नाही, पुढच्याचा हात सोडायचा नाही एवढंच पाहायचं.

## "पण मीटरभर लांब संदेश पोचतो तरी कसा?"

ही शंका वर्गात हमखास येते. उत्तर असं की, मीटरभर जायची वेळच येत नाही. पहिले तंतू निघतात तेव्हा सगळं अंतर मिलिमीटरांत असतं. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला अख्खा गर्भच सेंटिमीटरभर असतो. तंतू आपल्या ठिकाणी जाऊन चिकटतो आणि नंतर शरीर वाढेल तसा ताणत, वाढत जातो. आज तुमच्या पावलात असलेला तंतू एकेकाळी तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढंच चालून गेला होता. मोठ्या माणसाची तुटलेली नस आणि गर्भातली नस यांतला हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

## टोकाला आहे तरी काय?

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाचे पातळ काप रंगवून पाहिले. वाढत्या तंतूच्या टोकाशी त्यांना एक फुगीर, शंकूसारखा भाग दिसला. त्याला त्यांनी वाढीचा शंकू म्हटलं. आज प्रयोगशाळांत 'ग्रोथ कोन' हाच शब्द चालतो, आपण नुसतं 'टोक' म्हणू. काहाल यांच्यासमोर होती मेलेली, रंगवलेली ऊती. तरी हे टोक जिवंतपणी सरपटत असणार, वाटेतली रसायनं ओळखत असणार, असा अंदाज त्यांनी बांधला. तो खरा निघाला, आणि या माणसाच्या नजरेचं मला आजही नवल वाटतं.

टोक खरंच सरपटतं, हे डोळ्यांनी पाहिलं अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी, १९०७ मध्ये. बेडकाच्या गर्भातला कोवळा तुकडा त्यांनी लसिकेच्या थेंबात, काचेला लोंबता ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू वाढताना पाहिले. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या तंत्राची ती सुरुवात मानतात.

हे टोक केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढं. त्यातून बोटांसारखे बारीक फाटे सतत बाहेर येतात, चाचपतात, आत जातात. अंधाऱ्या खोलीत आपण हात पुढं करून भिंत शोधतो ना, तसे. या फाट्यांवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा असा रेणू, जो बाहेरचा एक विशिष्ट संदेश तेवढा ओळखतो आणि त्याची खबर आत देतो. डाव्या बाजूच्या रिसेप्टरांना संदेश जास्त मिळाला की आत कॅल्शियम आणि इतर निरोप्या रेणूंचं प्रमाण त्या बाजूला बदलतं. टोकाच्या आतला प्रथिनांचा सांगाडा एका बाजूला बांधला जातो, दुसऱ्या बाजूला मोडला जातो, आणि टोक वळतं. पेशींनी एकमेकींना रसायनांतून असे निरोप देण्याला पेशीसंदेशन म्हणतात.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट १९८७ मधल्या प्रयोगाची आहे. बेडकाच्या गर्भात डोळ्याकडून निघालेले तंतू त्यांच्या मूळ पेशींपासून तोडले. मागचं घर गेलं, तरी पुढची टोकं काही काळ बरोबर रस्त्यानंच चालत राहिली! वळायचा निर्णय टोक स्वतः घेतं, घरी विचारायला जात नाही. पुढच्या संशोधनात दिसलं की, टोक काही प्रथिनं जागच्या जागी तयार करतं. प्रथिनं बनवण्याच्या पाककृती घरूनच बरोबर आलेल्या असतात. शिदोरी बांधून आणण्याऐवजी डाळ-तांदूळ घेऊन निघायचं आणि लागेल तिथं चूल मांडायची, असा हा प्रवास.

## आपल्या संस्कृतातलं एक नाव

संदेश काही 'ये' म्हणतात, काही 'लांब हो' म्हणतात. काही वासासारखे पसरतात, काही बाभळीच्या कुंपणासारखे जागेवर असतात आणि शिवल्यावरच कळतात.

'ये' म्हणणाऱ्यांतला सर्वांत प्रसिद्ध रेणू १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मार्क टेसिए-लाव्हीन यांच्या प्रयोगशाळेत हाती आला. कोंबडीच्या गर्भांच्या हजारो मेंदूंतून तो वेगळा करावा लागला, इतका तो थोडा असतो. त्याचं नाव ठेवलं नेट्रिन, आणि ते घेतलंय संस्कृतातल्या 'नेतृ' या शब्दावरून. नेतृ म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा. आपला 'नेता' त्याच घरातला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

तोच रेणू एका मिलिमीटरभर गोलकृमीत आधीच सापडला होता. त्याचं जनुक बिघडलेल्या कृमींना धड वळवळता येत नव्हतं. कृमी, माशी, कोंबडी आणि माणूस यांच्या चेतासंस्था वाट विचारायला तीच जुनी भाषा वापरतात.

'लांब हो' म्हणणाऱ्यांत सेमाफोरिन हे मोठं घराणं आहे. १९९३ मध्ये त्यातला एक रेणू कोंबडीच्या मेंदूतून मिळाला. तो लागला की टोक पसरलेली बोटं आत ओढून मिटून जातं, लाजाळूच्या पानासारखं.

## नदी ओलांडायची, पण एकदाच

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे पुष्कळ तंतू शरीराची मध्यरेषा ओलांडतात. प्रश्न असा की, मध्यरेषेकडे ओढणारा संदेश इतका गोड असेल, तर तंतू तिथंच का रेंगाळत नाहीत? आणि एकदा पलीकडे गेल्यावर पुन्हा अलीकडे का येत नाहीत?

उत्तर आपल्या रोजच्या अनुभवातलं आहे. भूक लागलेली असताना भजी तळल्याचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळतात. पोटभर जेवल्यावर तोच वास नकोसा होतो. वास तोच असतो, बदललेलो असतो आपण.

कॅलिफोर्नियात कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या गर्भांत नेमकी मध्यरेषेची चूक शोधायचं काम चाललं होतं. १९९३ मध्ये त्यांना अशा माश्या मिळाल्या, ज्यांचे तंतू मध्यरेषा ओलांडत, परत येत, पुन्हा ओलांडत, गोल गोल फिरत होते. त्या जनुकाला चौकातल्या वाहतूक-वर्तुळावरून राउंडअबाउट नाव दिलं, लाडानं रोबो. पुढं कळलं की रोबो हा एक रिसेप्टर आहे आणि तो मध्यरेषेवरचा 'लांब हो' हा संदेश ऐकतो. त्या संदेशाचं नाव स्लिट. माशीत, मध्यरेषा ओलांडण्याआधी टोक आपला रोबो पृष्ठभागावर येऊच देत नाही, म्हणून स्लिट समोर असूनही त्याला पत्ता नसतो. ओलांडून झालं की रोबो बाहेर येतो, आणि आता तीच मध्यरेषा टोकाला ढकलून देते. परतीचा रस्ता बंद! माणसासारख्या सस्तन प्राण्यांत बारकावे वेगळे आहेत, पण एकदाच ओलांडू देण्याचा कावा तोच.

एकाच रेणूचा अर्थ उलटा होतो, हे १९९७ मध्ये मु-मिंग पू यांच्या प्रयोगशाळेने काचेच्या बशीत दाखवलं. बेडकाच्या चेतापेशींची टोकं नेट्रिनकडे वळत होती. पेशीच्या आतल्या सायक्लिक एएमपी नावाच्या निरोप्याची साखळी औषधानं रोखली, तशी तीच टोकं नेट्रिनपासून दूर वळली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. संदेशाला स्वतःचा पक्का अर्थ नसतो. ऐकणाऱ्याची आतली अवस्था तो अर्थ ठरवते.

इथं मला एक दुरुस्तीही करायला हवी. नेट्रिन मध्यरेषेवरून अत्तरासारखा दरवळतो आणि तंतू त्या वासानं खेचले जातात, असं मी अनेक वर्षं शिकवत आले. २०१७ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत मध्यरेषेवरचा नेट्रिन काढून टाकला तरी बरेच तंतू पोचले, आणि वाटेच्या कडेकडेनं असलेला नेट्रिन काढला तर ते भरकटले. त्यानंतरच्या अभ्यासांत लांबून येणाऱ्या नेट्रिनचाही वाटा दिसला. म्हणजे नुसता दरवळ म्हणून भागत नाही. घाटातल्या कठड्यासारखा आधारही तो देतो.

## वाट चुकली तर?

माणसांत रोबो३ हे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं असेल, तर एक दुर्मीळ आजार होतो. २००४ मध्ये त्याचं कारण सापडलं. या मुलांना डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवता येत नाहीत, पाहायचं तर अख्खी मान वळवावी लागते. वाढत्या वयात पाठीचा कणा वाकडा होत जातो. पण चकित करणारी गोष्ट पुढंच आहे. त्यांच्यात हाताकडे जाणारे तंतू मध्यरेषा ओलांडतच नाहीत, डावा मेंदू डावाच हात हलवतो, आणि तरी ती लिहितात, जेवतात, चालतात. आजार दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्न झालेल्या आईबापांच्या मुलांत तो जास्त दिसतो. मामेबहीण-आतेभावाची लग्नं जिथं आजही होतात, तिथं हे माहीत असलेलं बरं.

नेट्रिनचा रिसेप्टर बिघडलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या माणसांनी उजव्या हातानं बटण लावायला घेतलं की डावा हात आपसूक तीच हालचाल करतो. आरशातल्यासारखी. त्यात हट्ट नाही की खोड नाही, तंतू दोन्हीकडे गेलेत एवढंच.

आणखी एक उदाहरण फार कमी लोकांना ठाऊक असतं. वयात येण्याचा निरोप देणाऱ्या मेंदूतल्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. त्या गर्भाच्या नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या तंतूंना धरून वर मेंदूत चढतात. ते तंतूच मेंदूत पोचले नाहीत, तर या पेशींचा पूलच तुटतो. अशा मुलाला वास येत नाही, आणि तो वेळेवर वयातही येत नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. त्याचं पहिलं जनुक १९९१ मध्ये सापडलं. घरच्यांना या दोन तक्रारींचा संबंध सुचत नाही, आणि संकोचापायी वर्षं जातात. हार्मोनच्या उपचारांनी फरक पडतो. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होऊनही आवाज फुटला नसेल, तर त्याला वास येतो का हे जरूर विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

## डोळा उलटा बसवला तर

गावात पोचल्यावर नेमकं घर कसं सापडतं? १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडकासारख्या उभयचरांत एक धाडसी प्रयोग केला. या प्राण्यांत डोळ्याची नस तुटली तरी पुन्हा वाढते. स्पेरी यांनी नस तोडली, डोळा खोबणीतच १८० अंशांत उलटा फिरवला, आणि वाट पाहिली. नजर परत आली, पण उलटी. माशी वर असली की बेडूक खाली झेप घेई. कितीही दिवस गेले तरी तो सुधारला नाही. म्हणजे तंतू अनुभवातून शिकून जोडले गेले नव्हते. प्रत्येक तंतू आपल्या जुन्या जागीच परत गेला होता. तंतू आणि त्याची जागा यांच्यावर एकमेकांना ओळखणाऱ्या रासायनिक खुणा असतात, असा सिद्धांत स्पेरी यांनी १९६३ मध्ये सविस्तर मांडला.

त्या खुणा सापडायला १९९५ उजाडलं. त्यांचं नाव एफ्रिन. त्या घरनंबरासारख्या नाहीत. दृष्टिपटलाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे रिसेप्टरचं प्रमाण वाढत जातं, आणि मेंदूतल्या दृष्टीच्या भागात एफ्रिनचं. जास्त रिसेप्टर असलेला तंतू जास्त एफ्रिन सहन करू शकत नाही, तो अलीकडेच थांबतो. कमी असलेला आणखी आत जातो. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात तसं हे. कुणाला "तू सातव्या नंबरावर" असं सांगत नाहीत, शेजाऱ्याशी ताडून बघत रांग लागते. गोल्डफिशमध्ये अर्धं दृष्टिपटल काढलं तर उरलेल्या अर्ध्याचे तंतू काही काळानं मेंदूची पूर्ण जागा व्यापतात. अर्धा वर्ग गैरहजर असला की रांग सैल होते, पण उंचीचा क्रम मोडत नाही.

## पोचलात? आता जेवण पुरलं पाहिजे

पोचून भागत नाही. कोंबडीच्या गर्भात मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींपैकी जवळजवळ निम्म्या पुढं मरतात. ज्या स्नायूपर्यंत त्या गेल्या, त्याच्याकडून मिळणारं पोषणद्रव्य सगळ्यांना पुरत नाही.

असा पहिला पोषक रेणू शोधण्याचं श्रेय रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांचं. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढलं. त्यांनी तुरीनच्या घरात झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुयांना धार लावून अवजारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी, आणि पुढं त्यांच्याबरोबर स्टॅन्ली कोहेन यांनी, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हा रेणू ओळखला, वेगळा केला. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या १०३ वर्षं जगल्या. माझ्या मुलींना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी माझाच गळा दाटतो.

## "मग गर्भसंस्कारांनी हे घडवता येईल का?"

हाही प्रश्न येतोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण विचारणारी आई काळजीपोटी विचारते. सरळ सांगायचं तर मुख्य रस्ते बाळाला ऐकू यायच्या कितीतरी आधी रसायनांच्या निरोपांवर आखले जातात. बाळाला आवाज कळायला लागतात सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमाराला. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं, तिनं गाणं म्हणावं, बोलावं, ते छानच. पण त्यानं नेट्रिनचा रस्ता बदलत नाही.

बिघडू मात्र शकतं. दारू तंतूंना एकमेकांना धरून चालायला लागणाऱ्या एल१ या प्रथिनाच्या कामात अडथळा आणते, असं प्रयोगांत दिसलंय. गरोदरपणात दारू सुरक्षित मानली जात नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. आणि या रस्त्यांच्याही आधी, पहिल्या चार आठवड्यांत, मज्जारज्जूची नळी मिटते. तेव्हा फॉलिक ॲसिड लागतं, म्हणून ते दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात.

रस्ते आखून झाल्यावर वापराला महत्त्व येतं. ज्या वाटेवर वर्दळ आहे ती पक्की होते, नाही ती बुजते. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू असेल किंवा तिरळेपणा दिसत असेल, तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. त्या डोळ्याची वाट मेंदूत बुजत जाते.

## तर मग तुटलेली नस का जोडता येत नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हातापायातली नस आणि मणक्यातला मज्जारज्जू यांत मोठा फरक आहे. हातातली नस तुटून नीट जोडली तर तंतू पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिथल्या आधारपेशी वाट मोकळी करतात, पोषक रेणू सोडतात. मज्जारज्जूत जखमेभोवती व्रण धरतो, आणि तंतूंवरच्या वेष्टनात 'थांब' म्हणणारे रेणू असतात. त्यांतल्या एकाचं नावच नोगो, झुरिकच्या मार्टिन श्वाब यांच्या कामातून पुढं आलेलं. मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट आग्वायो यांच्या प्रयोगशाळेने १९८१ मध्ये उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. मध्यवर्ती तंतू त्या पुलावर कितीतरी मिलिमीटर वाढले, आणि पुलाचं दुसरं टोक मज्जारज्जूत शिरलं तिथं येऊन थांबले. जोर संपला नव्हता, रस्ता नाही म्हणत होता.

"मग 'थांब' म्हणणारा रेणू अडवा आणि नेट्रिन ओता!" हेही मुलं म्हणतात. नोगोला अडवणाऱ्या औषधाच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, पण पक्षाघात बरा करणारा रोजचा उपचार अजून त्यातून आलेला नाही. कारणं वर येऊन गेलीच. मोठ्या पेशीची आतली अवस्था बदललेली असते, तिचं पोट भरलेलं असतं, तोच निरोप ती वेगळा वाचते. मिलिमीटरांचं अंतर आता हातभर झालंय. वडाखालचे म्हातारे कधीच उठून गेलेत. २००८ मध्ये झिगांग हे यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत पेशीच्या आतला वाढीचा ब्रेक, पीटेन नावाचं जनुक, काढून टाकलं, तेव्हा डोळ्याच्या नसेतले तंतू पुन्हा वाढले. वाढवणं जमतंय, पण पोचवायचं अजून बाकी आहे. आणि वाढीचा रेणू वाटेल तिथं देणंही धोक्याचं. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर माणसांना टोचून पाहिला, तेव्हा टोचलेली जागा दुखायला लागली. दुखण्याची जाणीव देणाऱ्या तंतूंनाही तो जागा करतो.

चिप यातलं काहीच करत नाही. ती मेंदूतले विजेचे संकेत टिपून तारेविना कॉम्प्युटरला देते. तुटलेल्या पुलाच्या अलीकडच्या काठावरूनच निरोप उचलते.

दुचाकीवरून पडून खांद्याजवळ नस तुटते आणि हात लुळा पडतो, अशी तरुण मुलं आपल्याकडे खूप. तिथं मात्र आज हाती काहीतरी आहे, आणि हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत ६०० मिलिमीटर, दिवसाला १, म्हणजे ६०० दिवस. पण तंतूची वाट पाहणारा स्नायू तोवर थांबत नाही. वर्ष-दीड वर्षात तो असा सुकतो की तंतू पोचून उपयोग नसतो. म्हणून शल्यविशारद अंतरच कमी करतात. पॅरिसचे क्रिस्तोफ ओबरलँ यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत करंगळीकडे जाणाऱ्या धडधाकट नसेतली एक बारीक जुडी उचलून दंडातच कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडतात. शिवणारा फक्त दोन तोंडं समोरासमोर आणतो. उरलेले काही सेंटिमीटर तंतूचं टोक आपलं आपण चालून जातं, गर्भात गेलं होतं तसंच चाचपत. यासाठी अपघातानंतरचे पहिले सहा महिने मोलाचे असतात. "नस आहे, हळूहळू येईल" असं कुणी सांगितलं आणि तिसऱ्या महिन्यातही कोपर वाकत नसेल, तर नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला त्याच आठवड्यात दाखवा.